अर्जापासून गोष्टीपर्यंत : मुलांना लिहायला शिकवताना

तुमच्यापैकी काही जण शनिवारी अभ्यासवर्गात शिकवायला येता, काही जण दरवर्षी जूनमध्ये वह्या-पुस्तकांसाठी देणगी पाठवता. भेट झाली की एक प्रश्न हमखास येतो. मुले बोलायला एवढी चुणचुणीत, शिकतातही मराठी माध्यमात, मग मराठीच्याच पेपरात मार्क का जातात? गणित-इंग्रजीचे एक वेळ समजू शकते.

मार्क जातात ते बहुतेक पेपराच्या शेवटच्या भागात. २०१८ साली दहावीचे मराठीचे पुस्तक बदलले. आता ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र किंवा सारांश याला ६, जाहिरात, बातमी आणि कथा यांपैकी दोन प्रकारांना ५-५, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी एकाला ८. हा भाग पाठ करून येत नाही, पण मुले तो पाठच करतात. गाइडमध्ये छापलेला पावसाळ्याचा निबंध घोकायचा आणि पेपरात नदीचे मनोगत आले की त्याच पावसात नदी वाहती करायची. तपासणाऱ्याला हे पहिल्या दोन ओळींत कळते.

शहरातल्या नोकरदार घरात मूल न शिकवताच किती प्रकारचे लिखाण पाहते, ते मोजून बघा. सोसायटीची नोटीस, बँकेचे पत्र, लग्नपत्रिका, वर्तमानपत्र, चर्चची वार्तापत्रे, वडिलांनी लिहिलेला रजेचा अर्ज. नाहूर, मुलुंड, भांडुपच्या पट्ट्यात राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला जे पाडे आहेत, तिथल्या वारली, कातकरी, मल्हार कोळी घरांत येणारा कागद म्हणजे विजेचे बिल, रेशनकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी आणि अधूनमधून एखादी नोटीस. ती नोटीस वाचायला शेजारच्या शिकलेल्या मुलाला हाक मारतात. तो शिकलेला मुलगा म्हणजे आपल्याच वर्गातला नववीतला विद्यार्थी. उत्तर लिहायचे झाले तरी तोच लिहितो. त्याच्या हातून कागदावर काय उतरते, यावर एखाद्या घराचे काम होते किंवा अडते.

वाचणारा कोण आहे?

धर्मशास्त्राच्या पदविकेला असताना पवित्र शास्त्रातले कोणतेही पुस्तक उघडण्याआधी तीन प्रश्न विचारायची सवय आम्हाला लावली होती. हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, आणि वाचणाऱ्याने पुढे काय करावे म्हणून लिहिले? स्तोत्र, वंशावळ, दाखला आणि पत्र एकाच पद्धतीने वाचले तर घोटाळा होतो. तेच प्रश्न मी आता मुलांना लिहिण्याआधी विचारायला लावते. एकदा ही सवय लागली की लेखनप्रकारांचे निम्मे नियम आपोआप सुचतात.

समजा, पाड्यावरच्या सार्वजनिक नळाला तीन दिवस पाणी नाही. वर्गात आम्ही ही एकच गोष्ट चार जणांना लिहायला घेतो.

पहिला वाचणारा महापालिकेच्या विभाग कार्यालयातला अभियंता. त्याच्या टेबलावर असे बरेच कागद असतात. त्याला कळायला हवे ते एवढेच : नळ कुठला, पाणी कधीपासून नाही, किती घरांना त्रास होतो, आणि त्याने काय करायचे. "आमच्या पाड्यातील सार्वजनिक नळाला सोमवारपासून पाणी येत नाही. सुमारे चाळीस कुटुंबे याच नळावर अवलंबून आहेत. कृपया जोडणीची तपासणी करून पुरवठा सुरू करावा व तोपर्यंत टँकर पाठवावा, ही विनंती." झाले. 'पाणी म्हणजे जीवन' हे वाक्य मुलांना फार आवडते. पण ते अभियंत्याला सांगायची गरज नाही.

दुसरा वाचणारा वर्तमानपत्र उघडणारा अनोळखी माणूस. त्याला पाडा माहीत नाही, आपल्याबद्दल आस्थाही नाही, आणि तो पहिले वाक्य वाचून पान उलटू शकतो. म्हणून काय, कुठे, कधीपासून, किती लोकांना हे सगळे पहिल्याच वाक्यात. बातमीत 'मी' येत नाही. 'निर्दयी अधिकारी' येत नाही. एका रहिवाशाचे म्हणणे येते, आणि कार्यालयाने काय सांगितले तेही येते. त्या दुसऱ्या बाजूवर मुले रागावतात. "ते कशाला लिहायचं, बाई?" वाचणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून लिहायचे.

तिसरी वाचणारी आत्या. जव्हारला राहते, रविवारी येणार आहे. तिला टँकरची मागणी कशाला लिहायची? एका मुलीने लिहिले होते, "आत्या, या रविवारी येऊ नकोस. आलीस तर येताना हंडा घेऊन ये." घरगुती पत्र कसे असते ते समजावायला मला त्यानंतर फार बोलावे लागले नाही.

चौथा वाचणारा परीक्षक, आणि प्रकार वैचारिक लेखन. इथे नळाच्या मागचा प्रश्न घ्यायचा. पाणी भरायला कोण जाते? मुलीच का जातात? त्यांचा शाळेचा किती वेळ जातो? मुलगे गेले तर काय बिघडेल? एक मत मांडायचे, त्याला आपण पाहिलेल्या दोन-तीन गोष्टींचा आधार द्यायचा, समोरचा काय म्हणेल त्याचाही विचार करायचा.

चारही कागद शेजारी शेजारी ठेवले की मुलांना प्रकारातला फरक दिसतो. व्याख्या सांगून तो दिसत नाही.

अर्ज आणि जबाब

अर्जावर थोडे जास्त लिहिते, कारण परीक्षा संपल्यावरही तोच उरतो. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृहातला प्रवेश, रेशनकार्डावर नाव, सगळे अर्जावर चालते.

आपल्या मुलांच्या अर्जात दोन खोडी असतात. पहिली, विनंती शेवटच्या ओळीत आणि त्याआधी पानभर गरिबीचे वर्णन. दुसरी, नको इतके वाकणे. 'आपल्या चरणी', 'आपले उपकार जन्मभर विसरणार नाही' असे ते लिहितात. ही भाषा त्यांनी मोठ्यांकडून उचललेली असते. दाखला मिळणे हा हक्क असेल, तर सभ्य, सरळ शब्दांत मागायचा. 'प्रति', 'विषय', 'महोदय', दोन परिच्छेद, जोडलेल्या कागदांची यादी, 'आपला विश्वासू', सही, तारीख, पत्ता. हा साचा मात्र पाठच करून घ्यावा. कारकून आधी विषयाची ओळ वाचतो आणि त्यावरून कागद कुठल्या टेबलावर जायचा ते ठरवतो. साच्याचे असे कारण सांगितले की मुले तो विसरत नाहीत.

विनंती नेटकी कशी करावी याचा नमुना आपल्या सगळ्यांच्या घरी आहे. पौलाचे फिलेमोनाला पत्र अवघ्या २५ वचनांचे आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा दास त्याच्यापासून दूर गेलेला, आणि पौल तुरुंगात. आज्ञा करण्याचा अधिकार असूनही पौल विनंती करतो. आरंभी फिलेमोनाबद्दल जे चांगले म्हणतो, ते त्याच्या प्रत्यक्ष वागण्याबद्दलचे आहे, पोकळ स्तुती नाही. मग काम एकच : याला परत स्वीकार, आणि दास म्हणून नको, भाऊ म्हणून. काही देणे असेल तर ते मी फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. शेवटी आपल्यासाठी राहायची जागा तयार ठेवायला सांगतो, म्हणजे तो येऊन बघणार आहे! पुढच्या वेळी हे पत्र वाचाल तेव्हा अर्ज म्हणून वाचून पाहा.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज हा आणखी वेगळा प्रकार, आणि मोठी माणसेही त्यात चुकतात. २००५ च्या या कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून कोणीही नागरिक अर्ज करू शकतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. यात तक्रार करायची नसते. 'आमच्या पाड्याला पाणी का देत नाही?' असे विचारले तर कारण शोधून सांगणे माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नाही. त्याच्याकडे असलेली नोंद, नक्कल, आदेश मागायचा असतो. 'आमच्या पाड्याच्या नळजोडणीसाठी मंजूर झालेल्या कामाच्या आदेशाची प्रत मिळावी.' दहावीच्या मुलांना 'का' चे वाक्य 'कोणता कागद' च्या वाक्यात बदलायला द्यावे. सारांशलेखनापेक्षा या सरावातून मुले जास्त शिकतात, असे माझे मत आहे.

आता जबाब. हा प्रकार अभ्यासक्रमात नाही. आपल्या अनेक मुलांचे आजोबा-आजी पालघर, रायगडच्या गावांत वनजमीन कसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी कुटुंबाची जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असेल तर तो हक्क मान्य करून घेता येतो, आणि दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करायचा असतो. दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात. त्यांत एक पुरावा असा आहे : दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचे म्हणणे, लिहून घेतलेले. म्हातारा सांगतो आणि लिहितो कोण? पुन्हा तोच नववीतला विद्यार्थी.

इथे शाळेत शिकलेले 'सुंदर लेखन' उपयोगी पडत नाही, उलट नडते. मुलगा आजोबांचे म्हणणे सुधारायला जातो. 'हिरव्यागार वनराईच्या कुशीत वसलेल्या या भूमीवर आमच्या पूर्वजांनी घाम गाळला' असे लिहितो. वाचणाऱ्या समितीला त्यात म्हाताऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. म्हातारा म्हणाला असतो, "याचा बा नागली लावायचा तिथं. मी त्याच्याबरोबर राब भाजलाय." हेच लिहायचे. कोण बोलतो, वय काय, त्याला हे कसे माहीत, त्याने स्वतः काय पाहिले आणि काय नुसते ऐकले, जमिनीच्या चार दिशांना काय आहे, एवढे त्यात आले पाहिजे. म्हाताऱ्याला साल आठवत नाही, म्हणून मुलांनी मनाने साल घालू नये. आठवणीला खुंटी शोधावी. १९७२ च्या दुष्काळाच्या आधी की नंतर? २६ जुलैच्या मोठ्या पावसाच्या वेळी तिथे भात उभे होते का? तो पाऊस २००५ चा, म्हणजे कायद्यातल्या तारखेच्या आधीचा, आणि आपल्या भागात तो न आठवणारा माणूस सापडायचा नाही. लिहून झाले की सगळे मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हातारा 'हो' म्हणाला तरच अंगठा घ्यायचा.

कृती आणि गोष्ट

कृतिलेखन प्राथमिक शाळेतच संपते असे वाटते. पण पायरी न सोडता लिहिणे शिकवायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. पहिल्या पावसात मुलुंड-भांडुपच्या बाजारात आदिवासी बायका शेवळे घेऊन बसतात. तुमच्यापैकी कोणी घेतली असतील तर त्यांनी सोबत काकडेही दिली असतील, ती आंबट हिरवी फळे. वर्गात मुलांना शेवळाची भाजी लिहायला सांगितली तर कांदा, तेल, वाटण सगळे लिहितात आणि काकडे विसरतात, कारण त्यांच्या घरी ती घालतातच, सांगावी लागत नाहीत. त्या कागदावरून शहरातल्या बाईने भाजी केली तर घरातल्या सगळ्यांचे घसे खाजतील. वाचणाऱ्याला काय माहीत नाही याची कल्पना करणे, हे लेखनातले सगळ्यात अवघड काम असे हसत-खेळत शिकवता येते.

गोष्टीच्या बाबतीत आपली मुले श्रीमंत आहेत, पण तोंडी. आजीची गोष्ट तासभर चालते. तिच्यात तेच वाक्य चार वेळा येते, कारण ऐकणारी पोरे ते सोबत म्हणतात. पेपरात कथेला ८०-९० शब्द मिळतात. म्हणून मूल पाच ओळींत 'एक राजा होता' पासून 'सुखाने राहू लागले' पर्यंत धावते आणि मध्ये काहीच घडत नाही. अशा वेळी सुरुवात गोष्टीच्या मध्यापासून करायला सांगावे, जिथे काहीतरी बिघडते तिथून. आणि एक तरी माणूस काहीतरी बोललाच पाहिजे. जाहिरातीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. काय विकायचे, कोणाला, कुठे मिळेल, संपर्क. यमक जुळवण्यात मुले दहा मिनिटे घालवतात, ती वाचवावीत.

स्वतःचे म्हणणे

राहिले आठ गुणांचे लेखन, आणि तिथे मुले सगळ्यात जास्त उसने लिहितात. विषय कोणताही असो, पर्यटनस्थळ, क्रीडांगण, आईस्क्रीम. जे त्यांनी पाहिलेले नाही त्याबद्दलची वाक्ये त्यांना येतात, आणि जे रोज पाहतात ते लिहायच्या लायकीचे नाही असे वाटते. हे त्यांना कोणी उघड सांगितलेले नसते. त्यांच्या पुस्तकांत, गाइडमध्ये पाडा नसतो म्हणून ते तसे धरून चालतात.

मी त्यांना मुक्ता साळवेची हकीकत सांगते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी, वय चौदा वर्षे. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापून आला. 'ज्ञानोदय' म्हणजे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली सुरू केलेले पत्र, आपल्या मंडळींना परिचयाचे. ती शिकलेल्यांच्या भाषेत लिहिते, प्रश्न विचारते, धर्माचा मुद्दा मांडते. निबंधाची सगळी अंगे तिथे आहेत. पण आजही वाचताना थांबायला होते ते तिच्या वस्तीतल्या बाळंतिणींवर, ज्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नव्हते. ही गोष्ट तिला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. शेवटी ती आपल्याच माणसांना शिकायला सांगते. हा वैचारिक निबंधच आहे, आणि लिहिणारी आपल्या नववीतल्या मुलींच्या वयाची.

आत्मकथनासाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर काढा. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत आली. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, लिहा-वाचायला लग्नानंतर शिकल्या. स्वतःची फजिती, घरातली भांडणे, रेव्हरंड टिळकांचा विसरभोळेपणा त्या जसे घडले तसे, बोलल्यासारखे सांगतात. एक-दोन प्रसंग मोठ्याने वाचून दाखवले की मुले हसतात आणि मग त्यांच्या लक्षात येते की असेही लिहिलेले चालते. फळ्याचे किंवा छत्रीचे मनोगत लिहितानाही तेच करावे. अमुक शाळेतला, अमुक कोपरा तुटलेला फळा घ्यावा. 'मी फळा बोलतोय, मी ज्ञान देतो' असे लिहिणारे दोनशे जण असतात.

वही तपासताना

शिकवायला येणाऱ्यांना एक विनंती. मुले घरी वारली किंवा कातकरी बोलतात, शाळेत प्रमाण मराठी. लिहिताना दोन्ही एकत्र येतात. ऱ्हस्व-दीर्घ, क्रियापदाचे रूप, अनुस्वार सुधारायलाच हवे, त्याचे गुण जातात. अर्जात आणि बातमीत प्रमाण भाषा लागते, तीही आग्रहाने शिकवावी. पण शब्द बदलताना जरा थांबा. 'आवणी' ला काट मारून 'लावणी' लिहू नका. आपल्या भागात भाताची आवणीच होते.

सगळ्या चुकांवर एकाच वेळी लाल रेघा ओढल्या की मूल पुढच्या आठवड्यात पाचच वाक्ये लिहिते, कारण पाच वाक्यांत चुका कमी होतात. एका वेळी एकच गोष्ट पाहावी. या शनिवारी फक्त विषयाची ओळ, पुढच्या शनिवारी फक्त पहिले वाक्य. वहीवर शेरा लिहिण्याऐवजी प्रश्न लिहावा.

आणि येताना घरातले वापरून झालेले कागद घेऊन या. जुन्या लग्नपत्रिका, सोसायटीच्या सूचना, औषधाच्या डब्यातली घडीची चिठ्ठी, मिक्सरसोबत आलेले पुस्तक, शोकसभेची पत्रिका, रद्दीतले मराठी वर्तमानपत्र. फक्त नाव-पत्ता आणि खाते क्रमांक आधी खोडून टाका. आम्ही ते जमिनीवर पसरतो आणि मुले ओळखतात : हे कोणी लिहिले, कोणासाठी, आणि वाचून त्याने काय करायचे.

मागच्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाने सुट्टीवर लिहिताना 'आजोबांनी राब भाजला' असे लिहिले होते. तपासणाऱ्या ताईंना शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी खाली रेघ न मारता शेजारी लिहिले, 'राब म्हणजे काय? कसा भाजतात?' पुढच्या शनिवारी तो दीड पान लिहून घेऊन आला. उन्हाळ्यात पालापाचोळा, गवत, शेण कुठे पसरायचे, वर माती का टाकायची, जाळ वाऱ्याच्या कोणत्या बाजूने लावायचा, आणि मग पाऊस पडल्यावर त्याच जागी भाताचे रोप कसे तरारून येते. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती.